‘सीलबंद साचा’ आणि सभासद क्रमांक एक्केचाळीस

वाचनालयात काम करणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, “दिवसभर बसून कंटाळा नाही येत?” आणि दुसरा, “मग तुम्ही इथली सगळी पुस्तकं वाचली असतील, नाही?” पहिल्याला मी नुसती बघते. दुसऱ्याला खरं उत्तर देते: निम्मीसुद्धा वाचलेली नाहीत. कुणी काय वाचलं, ते मात्र सगळं ठाऊक आहे. हे ऐकून लोक हसतात. ही हसण्याची गोष्ट नाही, हे समजायला मला एक माणूस दुखवावा लागला.

माझं माहेर वाईचं. यजमान अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर स्टोअरमध्ये लागले, म्हणून आम्ही तारापूरला आलो. सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येक गाडीतून नवी बिऱ्हाडं यायची. कुणी सांगलीचं, कुणी नागपूरचं, कुणी थेट मद्रासचं. मी मॅट्रिक झालेली आणि घरात गप्प न बसणारी. गावातल्या वाचनालयाला माणूस हवा होता आणि पगार इतका कमी होता की पुरुष टिकत नसत. तेव्हा कार्यकारिणीने नाइलाजाने मला घेतलं. पुढे बत्तीस वर्षं त्या नाइलाजातून त्यांची सुटका झाली नाही.

काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही पुस्तकं नुसती देतो आणि घेतो. नवं पुस्तक आलं की त्याला खाकी कागदाचं कव्हर. मग दाखल वहीत क्रमांक. मग शिक्का, पहिल्या पानावर एक आणि आत एका ठरलेल्या पानावर एक. ते आतलं पान कोणतं ते फक्त आपल्याला माहीत. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलंच म्हणून मिरवलं तरी आत आपला शिक्का असतो. पुस्तक परत आलं की ते झटकायचं. आमच्याकडे पुस्तकांतून एसटीची तिकिटं, केसांचे आकडे आणि एकदा तर सुकवलेला बोंबील निघाला. कादंबरी कुठल्या घरात जाऊन आली हे हळदीच्या बोटांवरून आणि वासावरून मी डोळे मिटून सांगत असे.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे समासातलं लिखाण. लोकांना पुस्तक वाचून गप्प बसवत नाही. “छान!” “रडू आलं.” “नायिका मूर्ख आहे.” इथवर ठीक. पण एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, “खून माळ्याने केला.” पुढचे अकरा वाचक माझ्याशी भांडले. तेव्हा मी एक युक्ती काढली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा, काय मत द्यायचं ते तिथे द्यायचं, आणि मतापुढे आपला सभासद क्रमांक टाकायचा. क्रमांक नाही तर मत मी खोडरबराने पुसणार. नाव लिहायला लोक लाजतात, क्रमांकाला लाजत नाहीत. समास स्वच्छ झाले. कार्यकारिणीच्या सभेत माझं कौतुक झालं आणि मी महिनाभर त्या कौतुकावर तरंगत होते.

अशात ‘सीलबंद साचा’ आली. मुंबईच्या कुणा लेखकाची कादंबरी. दोन कंपन्या, दोन्ही शाईची पेनं काढणाऱ्या. एकीने कधीच न गळणारं पेन शोधून काढलेलं आणि त्याचा साचा तिजोरीत सीलबंद. दुसऱ्या कंपनीचा हेर कारकून बनून आत शिरतो, टायपिस्टबाईला भुलवतो, कार्बन पेपर उजेडात धरून पत्रं वाचतो, आणि साबणाच्या डबीत मेण भरून साच्याचा छाप घेऊन जातो. शेवटी कळतं की त्याला आत घेणारा दुसरा कुणी नसून खुद्द पहिल्या कंपनीचा मालकच होता.

खून नव्हता, भूत नव्हतं, प्रेमही बेताचंच. तरी त्या पुस्तकाने गाव हादरलं. कंपनी, कारखाना, गुपित, हे शब्द आमच्याकडे नुकतेच घरात आले होते. उमरोळीचे एक मास्तर आगगाडीने पुस्तक बदलायला येत. एरवी एका कादंबरीला ते तीन आठवडे लावायचे. ही त्यांनी तिसऱ्या दिवशी आणून दिली आणि टेबलाला धरून उभेच राहिले.

“बाई, हे असं खरंच करतात?”

“गोष्ट आहे हो, मास्तर.”

“गोष्ट कसली! माझा धाकटा भाऊ कंपनीत टायपिस्ट आहे!” असं म्हणून ते पाणी प्यायला बसले.

वसाहतीतल्या एका बाईंचे यजमान ड्राफ्ट्समन होते. घरी नकाशे आणायचे. पुस्तक वाचल्यावर बाईंनी नकाशाची गुंडाळी तांदळाच्या डब्यात खुपसली आणि कुठे ठेवली ते विसरल्या. सकाळी घरात जो गोंधळ झाला तो आख्ख्या वसाहतीने ऐकला. पोस्टातले एक जण प्रत्येक पार्सल कानाशी धरून हलवायला लागले. मताच्या कागदावर जागा पुरेना. मी एकावर एक तीन कागद चिकटवले. “धक्का बसला.” “जबरदस्त धक्का.” “मालकच चोर? छे! विश्वास बसत नाही.” हे शेवटचं मत कमळाकरशेठचं होतं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. धक्का बसला नाही असा माणूस मला एकच भेटला. दांडी गावची एक कोळीण मुलीसाठी पुस्तकं न्यायची आणि मुलगी तिला वाचून दाखवायची.

“यात काय गं नवल?” ती म्हणाली. “मासली कुटं लागते ते आमी शेजाऱ्याला कदी सांगतो काय? तो पन आमच्या होडीवर नजर ठेवतो, आमी पन त्याच्या.”

आता कमळाकरशेठ. आमच्या भागात दागिन्यांच्या डाया करायचा धंदा जुना आहे. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यावर नक्षी उलटी कोरायची, वर पातळ पत्रा ठेवून ठोकायचा, की पत्र्यावर नक्षी सुलटी उमटते. कर्णफूल, डूल, पदक, सगळं असंच निघतं. सोन्यावर तेव्हा सरकारी निर्बंध आले होते, त्यामुळे मुलाम्याच्या दागिन्यांना मागणी होती आणि मुंबईचे व्यापारी आमच्याकडच्या डायांसाठी खेपा घालत. कमळाकरशेठकडे दहा-बारा कारागीर होते. शेठ वाचनालयाच्या कार्यकारिणीवरही होते. माणूस सज्जन, पण तापट. त्यांची पत्नी मालतीबाई माझी सगळ्यात जलद वाचक.

आणि शेठच्या कारागिरांत सगळ्यात वरचा हात परशुरामभाऊंचा. पन्नाशीचे, बारीक, कोरून कोरून डोळे कायम किंचित मिटलेले. शाळा चौथीपर्यंत. पण आठवड्याला एक पुस्तक, कधी खाडा नाही. पुस्तक घेताना ते हात धोतराला पुसत, आणि परत आलेल्या पुस्तकाला काही लागलेलं नसे. सभासद क्रमांक एक्केचाळीस.

दिवाळीच्या आधी एक दिवस भर दुपारी कमळाकरशेठ वाचनालयात आले. हातात ‘सीलबंद साचा’. त्यांनी ती माझ्यासमोर मताच्या कागदावर उघडून ठेवली आणि एका मतावर बोट ठेवलं.

“बाई, हा एक्केचाळीस कोण?”

मी वाचलं. सुरेख, कोरल्यासारखं अक्षर होतं: “पुस्तक चांगले. पण लेखकास कामाची माहिती नाही. मेणात बारीक नक्षी येत नाही, काढताना कड मोडते. शिशाची चकती ठेवून वर एक घाव घातला की छाप पुरा येतो. चकती पानाच्या चंचीतही मावते. ४१.”

मला वाटलं, शेठ खूश झालेत. धंद्यातला माणूस, धंद्याची जाण असलेला वाचक बघून आनंदाने विचारायला आलेत. शिवाय माझी सभासदांची वही किती चोख आहे ते कार्यकारिणीच्या सभासदाला दाखवायची ही नामी संधी. मला वही उघडायचीही गरज नव्हती, तरी मी ऐटीत उघडली आणि बोट फिरवलं.

“परशुरामभाऊ! तुमच्याकडेच असतात की!” मी हसून म्हटलं.

अर्धं मिनिटही लागलं नसेल.

शेठचा चेहरा उतरला. ते समोरच्या बाकावर बसले. मग म्हणाले, “माझ्याच छपराखाली!” एका व्यापाऱ्यासाठी त्यांनी डूल काढला होता, शिंपल्यात मोगऱ्याची कळी. हा नमुना दुसऱ्या कुणाला देणार नाही असा शब्द दिलेला. महिनाभर बसून डाय कोरली होती परशुरामभाऊंनी. आणि परवा मुंबईत दुसऱ्याच दुकानाच्या काचेत तोच डूल. व्यापाऱ्याने शेठना नको नको ते ऐकवलं. घरी येऊन ते डोकं धरून बसले, तेव्हा मालतीबाईंनी आपलं सहज हे पान दाखवलं.

“अहो, पण त्यांनी नुसतं मत लिहिलंय—” मी म्हणायला लागले.

“मत? कशी चोरी करायची ते लिहिलंय, बाई! चंचीत मावते म्हणतो! त्याच्या कमरेला चंची असते रोज!”

शेठ गेले. दुसऱ्या दिवशी परशुरामभाऊंना कामावरून काढल्याचं कळलं. डायांचे कारखाने ते किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नमुना बाहेर दिल्याचा शिक्का बसलेल्या माणसाला त्यातल्या कुणी दारात उभं केलं नसतं. बाकीचे कारागीर मान खाली घालून ठोकत राहिले. मालतीबाई पुस्तक बदलायला आल्या आणि पुस्तक न घेताच रडायला लागल्या. “मी गंमत म्हणून दाखवलं हो यांना,” म्हणाल्या. त्यांनी पान दाखवलं होतं, मी माणूस दाखवला होता. माझा गुन्हा मोठा होता आणि मला तो तेव्हाच कळत होता.

दोन दिवस मी हिय्या गोळा करत होते. मग परशुरामभाऊंच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून छिन्न्या परजत होते. काम नव्हतं, तरी परजत होते.

“भाऊ, तुमचं नाव शेठना मी सांगितलं,” मी उभ्या उभ्याच म्हटलं.

त्यांनी मान वर केली. राग नव्हता, पण असं नवल होतं की मला त्यापेक्षा राग बरा वाटला असता.

“त्यात सांगायचं काय व्हतं? लंबर मीच टाकला व्हता ना.” मग म्हणाले, “बाई, शिशाचं मी लिवलं त्यात चोरी कुटं आली? आमी रोज करतो. कोरताना नक्षी किती खोल गेली ते बगायला शिशावर घाव घालतो. शेठ पन घालतात. हे समद्या कारागिरांना ठावं हाय.”

“मग लिहिलंत कशाला?”

“लेखकानं चूक लिवली म्हून!” ते पहिल्यांदाच तडकून बोलले. “मेनानं डायचा छाप घेतला म्हनं! छापलेलं पुस्तक, शंभर लोकं वाचनार, त्यांना तेच खरं वाटनार. मना ऱ्हाववलं नाय.”

मला हसावं की रडावं कळेना. एका गोष्टीतली कारागिरीची चूक त्यांना सोसली नव्हती. मी विचारलं, “मुंबईत मिळाला तो डूल तुम्ही बघितलात?”

“दाखवलाच नाय. शेठनी घेऊन ठेवलाय म्हनतात. मी मागितला तर बोलले, तुला काय दाखवायचा, तुला ठावं हाय. बगितला असता तर तो कुटनं आला ते मी सांगितलं असतं.”

तिथून मी थेट मालतीबाईंकडे. डूल त्यांच्याच कपाटात पुरावा म्हणून ठेवलेला होता. शनिवारी कार्यकारिणीची सभा होती. सभा उरकली, बाकीचे गेले, शेठ चप्पल घालतच होते, तेवढ्यात मालतीबाई दारात आल्या. मागे परशुरामभाऊ. मालतीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि वाचनाच्या टेबलावर दोन डूल ठेवले. एक आपल्या कारखान्याचा, एक मुंबईचा.

“हे काय चाललंय?” शेठ ओरडले.

“बघू द्या त्यांना,” मालतीबाई म्हणाल्या. “नाहीतर मी पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही.” नवऱ्यासमोर त्या कधी इतकं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं, शेठनीही ऐकलं नसावं. ते चप्पल काढून टेबलापाशी आले.

परशुरामभाऊंनी खिशातून भिंग काढलं. डूल हातात घ्यायच्या आधी हात पुसले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग मुंबईचा डूल आपल्या डुलावर बरोबर ठेवला आणि भिंग शेठकडे सरकवलं.

“तुमीच बगा.”

शेठ वाकले. मला काहीच दिसत नव्हतं, मी फक्त त्यांच्या मानेकडे बघत होते. ती हळूहळू लाल होत गेली.

“लहान आहे,” शेठ म्हणाले.

“केसभर. चारी बाजूंनी. न् कळीची धार पन बोथट हाय.” परशुरामभाऊ माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून सावकाश सांगायला लागले. “बाई, शिसं थंडच ठोकतात. डायवरनं छाप घेतला तर माप व्हतं तसंच येतं, धार पन येते. हे तसं नाय. दुकानातनं तयार डूल कुनीतरी इकत घेतला, त्याचा मातीत साचा काडला, पितळ ओतून डाय केली. ओतलेलं निवताना आटतं. आपला माल बाहेर गेला त्यो दुकानाच्या दारातनं, कारखान्यातनं नाय.”

शेठ अजून वाकलेलेच होते. तीस वर्षं डायांच्या धंद्यात असलेला माणूस. दोन डूल एकावर एक ठेवायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“मी भिंग लावलंच नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “ते पान वाचलं, आणि लावलंच नाही.”

मग त्यांनी चप्पल घातली. दारात थांबून, मागे न बघता म्हणाले, “सोमवारपासून ये.” माफी नाही, काही नाही. मालतीबाई तोंडाला पदर लावून त्यांच्या मागे गेल्या. मला वाटलं, संपलं. मला इतका आनंद झाला होता की परशुरामभाऊ निघून गेलेलेही कळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पुस्तकांतले मतांचे कागद काढून टाकले. पाण्याचं बोट लावून, सुरीने, एकेक. कार्यकारिणीने विचारलं तर सांगितलं, खळीमुळे झुरळं होतात. लोक पुन्हा समासात लिहायला लागले. मी खोडरबर घेऊन बसत असे, अक्षर कुणाचं ते मात्र बघत नसे. पुढच्या वर्षांत बरेच जण वहीसाठी आले. सुनेने काय वाचलं विचारणाऱ्या सासवा, शिक्षकांवर नजर ठेवणारे हेडमास्तर, एकदा एक साध्या कपड्यातले पोलीसही. मी सगळ्यांना एकच सांगत आले, वही वाळवीने खाल्ली. माझ्या वाचनालयात वाळवी कधीच नव्हती, याचा मला अभिमान आहे, आणि ती आहे असं मी शेवटपर्यंत सांगितलं.

पण वहीचं ते सगळं नंतर. परशुरामभाऊ कामावर परत गेले, त्या आठवड्यात ते नेहमीच्या वारी आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. मी नवीन चार त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, ती पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

“बाई, माजं नाव काडून टाका.”

“भाऊ, आता कुणाला काही सांगणार नाही मी. शपथ घेते.”

“तुमच्यावर राग नाय. पन आता पुस्तक उघडलं की वाटतं, मी काय वाचतो ते कुनी तरी बगतंय. वाचनात जीव लागत नाय.”

मला सुचेल ते मी बोलत गेले. म्हटलं, नाव काढते, क्रमांक खोडते, तुम्ही फक्त येत जा. कुठेच लिहिणार नाही. हवं ते पुस्तक न्या, हवं तेव्हा आणून द्या, वहीत ओळसुद्धा नको.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ओट्यावर पाहिलं होतं, तसंच नवल होतं चेहऱ्यावर.

“वहीत न लिवता न्यायचं?” ते म्हणाले. “म्हंजे चोरूनच की वो, बाई.”

ते गेले. वाचनालयात पुन्हा कधी आले नाहीत. पुढे एकदा बोईसरला जायला एसटीची वाट बघत मी उभी होते. स्टँडच्या बाकावर परशुरामभाऊ बसले होते. सुक्या मासळीची पुडी सोडून त्यांनी मासळी पिशवीत टाकली होती आणि तो वर्तमानपत्राचा तुकडा मांडीवर हाताने सपाट करून, डोळे बारीक करून ते वाचत होते. मी दोन पावलं पुढे गेले. त्यांनी मला पाहिलं, कागदाची नीट घडी घातली, आणि खिशात ठेवून दिली.